तान्हीची नखं

म्हातारा औषधाच्या दुकानात गेला होता तो नातीच्या पोटदुखीचे थेंब आणायला. घरातली बाटली संपली होती, एवढंच. औषधवाला फार बोलका. त्याने थेंब तर दिलेच, वर एक इवलंसं, गोल टोकाचं नेलकटर पुढ्यात सरकवलं.

"तान्ह्या बाळांचं आहे, आजोबा. घेऊन जा. आत्ता तिची नखं कशाने कापता?"

"मी कशाला कापतोय? सून कापते."

"पण कशाने?"

हे म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. आणि एखादी गोष्ट ठाऊक नाही असं चारचौघांत दिसलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. "माल खपवावा तर तूच," असं औषधवाल्याला ऐकवून त्याने नेलकटर खिशात टाकलं आणि घरची वाट धरली.

जन्म गवंडीकामात गेलेला माणूस. हाताची कातडी सिमेंटने कायमची तडकलेली, बोलणं त्याहून खरबरीत. घरात तो, मुलगा, सून आणि सात महिन्यांची नात. नातीला तो गठुडं म्हणे. सून सकाळीच कपडे शिवायच्या कारखान्यात जाई आणि उन्हं कलता कलता परत येई. मुलगा बसगाड्यांच्या आगारात मेकॅनिक, त्याची पाळी दुपारी सुरू होई. तो निघाला की गठुडं म्हाताऱ्याच्या ताब्यात. असं ते बाळ या कडेवरून त्या कडेवर जात असे, आणि कडेवाल्यांची एकमेकांशी गाठ पडे ती फक्त दारात.

या घरात एक नियम होता, आणि तो म्हाताऱ्यानेच घातला होता. गठुडं नवंनवं घरात आलं तेव्हा नवरा-बायकोची रोज जुंपायची. मी लंगोट धुतले, तू काय केलंस? मी सकाळपासून कंबर टेकली नाही, तू काय केलंस? एक दिवस म्हाताऱ्याने ताट आपटलं. "आजपासून केलेलं काम बोलून दाखवायचं नाही. दिसलं की करायचं आणि गप बसायचं. मोठेपणा नको, आभार नकोत आणि चौकशाही नकोत." तेव्हापासून घरात जी शांतता नांदू लागली ती अशी, की कोण काय करतं हे कुणालाच कळेनासं झालं.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तिघंही घरात होती. नेलकटर बघून सून हसली.

"बरं केलंत बाबा. पण कात्रीने कापता तीसुद्धा छानच कापता हो तुम्ही. मला तर एवढ्याशा बोटांना काही लावायची छातीच होत नाही."

"मी? अगं, मला सुईत दोरा ओवता येत नाही, मी हिची नखं कापू?"

"मग हे कापत असतील."

मुलगा टॉवेलने डोकं पुसत आला. "मी नाही. हे हात बघ माझे, पाना धरायचे. मला वाटलं, तू कापतेस."

सुनेने गठुड्याची मूठ हळूच उलगडली. तांदळाच्या कणीएवढी नखं. गुलाबी, गोल. कुठे कोपरा नाही, कुठे धार नाही. कालच कुणीतरी कापल्यासारखी.

"वाढतच नसतील कदाचित," मुलगा म्हणाला.

"तुझ्या अकलेसारखी?" म्हातारा खेकसला. पण त्यालाही हसू आलं नाही.

मग नियम मोडून तिघं एकमेकांना विचारू लागली. हलक्या आवाजात, जसं काही चौथं कुणी ऐकत होतं. कानामागे कोण पुसतं? मी नाही. मीही नाही. निळ्या झबल्याचं तुटलेलं बटण कुणी लावलं? सुनेने झबलं आणलं, उलटं करून उजेडात धरलं. दिवसभर शिवणारी बाई ती. तिचा चेहरा उतरला.

"हे टाके माझे नाहीत... मी अशी गाठ मारत नाही."

"दार उघडं राहत असेल," मुलगा म्हणाला.

"दाराशी मी बसलेला असतो. मी काय भुसा भरलेला आहे?"

"बाबा, मी हिला घेऊन आईकडे जाते," सून म्हणाली. "आणि कळत नाही तोवर परत येणार नाही."

 ही पोर यायच्या आधी म्हाताऱ्याच्या दुपारी कशा जात हे त्याचं त्याला माहीत. दुसऱ्याने बांधलेल्या भिंतींकडे बघायचं आणि त्यांच्यातल्या चुका काढायच्या. तो गुरगुरला, "उद्याची दुपार दे मला. मग काय ते कर."

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला. म्हाताऱ्याने गठुडं पाळण्यात निजवलं, खिडकी लावली आणि हत्यारांच्या पिशवीतून ओळंबा काढला. दोरीला बांधलेलं पितळेचं वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही ते दाखवणारं. तो त्याने आतल्या खोलीच्या दारात, चौकटीच्या बरोबर मध्ये टांगला. माणूस जाईल तर धक्का लागेल. मग पाळण्यामागच्या कोपऱ्यात स्टुलावर बसला. भीती अशी त्याला वाटत नव्हती. काम कुणाचं आहे ते बघायचं होतं.

बाहेर उन्हाने सगळं गप्प झालं होतं. नळ ठिबकत होता. पोरीचा श्वास, दुधाचा आंबूस वास. म्हाताऱ्याची मान एकदा कलली, त्याने स्वतःलाच चिमटा काढला. वर बघतो तर ओळंबा कललेला.

हलत नव्हता. झुलत नव्हता. दोरी ताठ, आणि वजन एका बाजूला उचललेलं, जसा आपण वाटेतला पडदा हाताने बाजूला धरतो तसं. मग ते अलगद खाली आलं. चौकटीवर आपटू नये, आवाज होऊ नये, झोपलेलं बाळ उठू नये, इतक्या बेताने.

खोलीत ओल्या साबणाचा वास आला.

गठुड्याने डोळे उघडले. रडली नाही. सवयीचं असावं तसा तिने उजवा हात वर केला, बोटं पसरली आणि स्वस्थ राहिली. जी पोर झबलं चढवताना घर डोक्यावर घेई, ती.

कट.

अगदी बारीक आवाज. मग पुन्हा... कट.

 म्हाताऱ्याने मान पुढे केली. नखाचं टोक सुटताना दिसलं, पण खाली पडताना दिसलं नाही.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

आवाज थांबला. पोरीने मान वळवून आजोबाकडे बघितलं. कामात लुडबुड करणाऱ्याकडे बघावं तसं. थोड्या वेळाने... कट.

सून घरी आली तेव्हा म्हाताऱ्याने काही लपवलं नाही. लपवणं त्याला जमतच नसे. "येतं. कापतं. जातं. काम चोख आहे."

"चोख?" सून किंचाळली. "बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? त्याच्या हातात धारेची वस्तू, आणि त्याखाली माझी पोर!"

तिने बॅग काढली. झबली, दुपटी, बाटल्या भराभर आत गेल्या. म्हातारा दारात उभा राहिला. आयुष्यात त्याने कुणाची मनधरणी केली नव्हती, त्यामुळे ती त्याला नीट येत नव्हती.

"मी सांगून बघतो त्याला," तो म्हणाला. "नियम माझा होता ना? गप्प राहून करायचं. मग त्याचं काम बोलून दाखवलं तर ते जाईल. एक दुपार."

सुनेने रजा घेतली. बॅग मांडीशी धरून ती बाहेरच्या खोलीत बसून राहिली. आत ओळंबा कलला तसा म्हातारा उठला आणि मुकादमाच्या आवाजात बोलला.

"हे बघ. नखं तू कापतोस. बटण तू लावलंस. आम्हाला कळलंय. चांगलं केलंस. आता बास. पोर आमची आहे, आम्ही बघू."

ओळंबा तसाच कललेला राहिला, बराच वेळ. मग खाली आला. या वेळी चौकटीवर आपटला, आणि गठुडं घाबरून रडायला लागलं.

त्यानंतर दुपारी कोरड्या गेल्या. ओळंबा सरळ. साबणाचा वास नाही. काही दिवसांनी गठुड्याने स्वतःच्याच गालावर ओरखडा काढला आणि घरात आनंदीआनंद झाला. "वाढली गं नखं!" म्हणत मुलाने तिला उचलून नाचवलं. सुनेने बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली. म्हाताऱ्याने जुना नियम काढून टाकला. आता घरात दिवसभर आरडाओरडा. "बाटली मी धुतली!" "लंगोट मी वाळत घातले!" कुणी ऐको न ऐको.

आणि एका सकाळी, सून सुट्टीवर असताना, खिडकीच्या उजेडात गठुडं मांडीवर घेऊन तिने छाती घट्ट केली आणि नेलकटर हातात घेतलं. म्हातारा दुधाची बाटली घेऊन आला आणि दारातच थबकला. सुनेची पाठ त्याच्याकडे होती. पोरीचा डावा हात तिच्या हातात. ती वाकून, जीभ दातांत धरून कापत होती.

"बाबा, तो हात सोडा ना आता," ती मान वर न करता म्हणाली. "हा झालाच. मग तो घेते."

म्हाताऱ्याच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्यात तिचं झाकण. तो तिच्यापासून खोलीभर दूर होता.

पोरीचा उजवा हात हवेत होता. बोटं पसरलेली. अंगठ्याचं टोक दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं पांढरं पडलेलं.

खरं बोललं, तर सून आणि गठुडं दुपारच्या आत घराबाहेर असतील.  जन्मात पहिल्यांदा म्हाताऱ्याचा आवाज मऊ आला.

"हो... सोडला."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या अंगठ्यात हळूहळू गुलाबी रंग परत आला. हात पडला नाही. तो कुणीतरी अलगद खाली आणला, आईच्या मांडीवर ठेवला, आणि वर दुपट्याचं टोक नीट ओढून घेतलं.