सतरा नंबरच्या खोक्यातला फोन

खाली दिलेल्या वेळा मी आईच्या फोनमधून उतरवून घेतल्या आहेत. बाकीचं मी आणि मामानं आमच्या कानांनी ऐकलं. पदरचं काही घातलेलं नाही.

शनिवारची दुपार. भाड्याच्या घरातला आमचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला किल्ली द्यायची होती.

आदल्या रात्री बाबांच्या छातीत दुखू लागलं. ते अतिदक्षता विभागात होते. भेटायची वेळ पाचनंतर. 'काही लागलं तर फोन करू,' हॉस्पिटलनं सांगितलं होतं. त्यांच्याकडे नंबर एकच... आईचा.

आणि तोच फोन सापडत नव्हता.

"टॉवेलांबरोबर खोक्यात गेला वाटतं," आई रडवेली झाली.

"कुठल्या खोक्यात?"

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. बाबांनी अडतीस खोक्यांवर फक्त नंबर टाकले होते. कशात काय, याची यादी त्यांच्या शर्टाच्या खिशात. शर्ट हॉस्पिटलमध्ये.

"भाऊजींची शिस्त!" मामा म्हणाला. "चोर आला तरी डोकं धरून बसेल."

चार वाजून नऊ मिनिटं. मी आईचा नंबर लावला.

आतल्या खोलीतून बारीक आवाज आला. आम्ही तिघं रांगत एकेका खोक्याला कान लावत सुटलो.

"कुणी बघितलं तर आपल्यालाही दाखल करतील," मामा पुटपुटला.

सतरा नंबर.

मी कात्री मागितली. कात्री अर्थातच कुठल्यातरी खोक्यात होती.

रिंग संपली. थोड्या वेळानं पुन्हा वाजली.

पण या वेळी मी नंबर लावलाच नव्हता...

दोनदा वाजून आवाज थांबला. चार बारा. मी घाईनं नंबर लावला.

'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.'

खोकं बंद होतं. चिकटपट्टी जशीच्या तशी.

आणि आत... कुणीतरी बोलत होतं.

बाईचा आवाज. हळू. शब्द कळत नव्हते. ती मध्येच थांबायची. ऐकायची. मग म्हणायची, "हो... हो..."

आई माझ्या शेजारी होती. दोन्ही हात तोंडावर.

तीन मिनिटं. मग शांतता.

मामानं दातांनी चिकटपट्टी फाडली. टॉवेल. पुन्हा टॉवेल. तळाशी फोन. गरम.

हॉस्पिटलचा कॉल. उचललेला. तीन मिनिटं चार सेकंद.

मी तिकडे फोन लावला. नर्स घाईत होती.

"अहो, आत्ताच तर बोलणं झालं! पेशंटला तातडीनं ऑपरेशनला घ्यावं लागलं. बाईंनी फोनवर होकार दिला म्हणून बरं. पाच मिनिटंही हातात नव्हती."

"कुठल्या बाईंनी?"

"पेशंटची बायको बोलतेय, म्हणाल्या. जन्मतारीख, औषधं, सगळं तोंडपाठ. नवा पत्ताही दिला."

नवा पत्ता आम्ही हॉस्पिटलला सांगितलाच नव्हता.

"म्हणाल्या, आजच राहायला जातोय."

बाबा वाचले. आता ठणठणीत आहेत. त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

आम्ही त्याच पत्त्यावर राहतो.

पहिल्याच आठवड्यात मी आईला म्हटलं, दुसरं घर बघू.

"तिनं ह्यांना वाचवलं रे," ती हळूच म्हणाली. "तिला जा कसं म्हणू?"

मीही म्हणत नाही.

फक्त दुपारी घरात एकटा थांबत नाही.