पुसलेली लाल पट्टी

यात पदरचं काहीही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीसमोर घडलंय, आणि ताईला गोष्टी रचता येत नाहीत. तिला साधा विनोदही धड सांगता येत नाही.

रात्रही नव्हती. भरदुपार होती. कारखान्यात जेवणाची सुट्टी.

ताई पंपाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूम सांभाळते. मशीनला लावून धातू कापायचं कुठलं कटर कोणी नेलं, त्याने किती काम केलं, सगळं कॉम्प्युटरवर. कटरचं आयुष्य संपलं की स्क्रीनवर लाल पट्टी येते. मग ते बाद. थेट भंगारात.

पण मालाची घाई होती. मॅनेजरसाहेबांनी स्वतःच्या पासवर्डने एका झिजलेल्या कटरची लाल पट्टी पुसली. कॉम्प्युटरच्या लेखी ते कोरं झालं.

ते मास्तरांच्या वाट्याला आलं. मिलिंग मशीनवरचे जुने कारागीर. नव्या पोरांचा हात हातात धरून काम शिकवायचे, म्हणून मास्तर.

चालू मशीनवर कटर फुटलं. तुकडा गळ्यात घुसला.

मास्तर जागीच गेले.

चौकशी लागली, तशी साहेबांनी नोंदच फिरवली. बाद कटर मास्तरांनीच भंगारातून उचलून लावलं, असं ठरलं. ताई खरं सांगायला गेली, तर कॉम्प्युटरने तिलाच खोटं पाडलं.

मेलेला माणूस थोडाच बोलणार आहे?

साहेबांना असंच वाटलं होतं.

त्या दुपारी मशीनं बंद होती. सगळे कँटीनमध्ये. ताई टूलरूमच्या खिडकीशी एकटी बसलेली.

टक... टक.

खिडकीच्या फळीवर कोणीतरी बोटाच्या पेराने वाजवलं. मास्तर कटर मागायला आले की हाक मारत नसत. असंच वाजवत.

ताईने मान वर केली.

कोणी नव्हतं...

मागे कपाटाचा एक खण आपोआप सरकला. आत तेच कटर. फुटलेलं, पोलिसांनी सील करून नेलेलं कटर. आता अखंड.

ताईने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

गरम होतं... नुकतंच मशीनमधून काढल्यासारखं.

स्क्रीनवर लाल पट्टी आली होती.

तिने साहेबांना बोलावलं. कोणीतरी चेष्टा करतंय म्हणत ते खुर्चीत बसले आणि पट्टी पुसली.

पट्टी गेली...

परत आली.

त्यांनी पुन्हा पुसली. ती पुन्हा आली. साहेबांना घाम फुटला. तावातावाने कटर रुमालात गुंडाळलं, भंगारात टाकून येतो म्हणाले आणि निघाले. वाट मास्तरांच्या मशीनवरून जाते. अपघातापासून त्या मशीनची वीज तोडलेली आहे.

ताईला आधी मशीन फिरल्याचा आवाज आला.

मग साहेबांचा.

ती धावली. मशीन थंड, बंद. तिची वायर भिंतीशी गुंडाळलेली. कटर मात्र मशीनमध्ये बसलेलं, पान्याने आवळावं तसं घट्ट. साहेबांकडे पाना नव्हता.

आणि आता उजवा पंजाही नव्हता.

शुद्ध हरपेपर्यंत ते एकच सांगत होते. "त्याने माझा हात धरला. म्हणाला, ये, शिकवतो."

पुढच्या आठवड्यात ताई आणि मी मास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या बायको, काकू, इस्त्री करत होत्या. मास्तरांच्या शर्टाला. साहेबांचं कळलं तर त्यांना जरा बरं वाटेल, असं ताईच्या मनात होतं. तिने सगळं सांगितलं.

इस्त्री थांबली नाही.

"हातच?" काकूंनी विचारलं.

ताईने होकारार्थी मान हलवली.

काकूंनी शर्ट उलटा केला. कॉलरवरची सुरकुती हाताने सपाट केली.

"तरीच," त्या हळूच म्हणाल्या. "तरीच ते अजून घरी आले नाहीत."

आता जखम भरलीय, साहेब सोमवारपासून पुन्हा कामावर येतायत. मी ताईला रजा टाकायला सांगितलं. विनवलं.

ती नाही म्हणते.

तिला बघायचंय.