सोनीबाईचा हेल

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पंख्याखाली लोळत मोबाइलवर भुतं वाचणाऱ्यांनी मला खरंखोटं शिकवू नये.

मागच्या वर्षीचा मार्च. मंगळवार. अहेरीजवळचं एक खेडं, दुपारचा एक वाजलेला. भुताला अमावास्याच लागते म्हणणारे मूर्ख आहेत.

मी लटारू. तीस वर्षं लाकडाचे ट्रक चालवले, आता बल्लारपुरात भाड्याची जीप चालवतो. कुलदीप माझं गिऱ्हाईक. नागपूरचा, पस्तिशीचा, केस वाढवलेला. गाडीत बसल्याबरोबर त्याने ब्लूज लावलं. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, म्हणाला.

"हे गाणं हाय का कोणाचं पोट दुखून राह्यलं?" मी विचारलं.

तो खदखदून हसला. रागावला नाही. मला तेच आवडलं नाही.

मी पन्नाशीनंतर वाचायला शिकलो. रस्त्यावर पाटी दिसली की मोठ्याने वाचतो. गिऱ्हाइकं तोंड दाबून हसतात. या माणसाने मात्र प्रत्येक पाटीला गाणं बंद केलं. माझं वाचून होईपर्यंत थांबला. मग पुन्हा लावलं. गोंडपिपरी गेलं, आष्टी गेलं. आलापल्ली येईतो मीही त्या रडगाण्यावर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो.

स्वतःचीच लाज वाटली.

त्याला सोनीबाईचा हेल रेकॉर्ड करायचा होता. आमच्याकडे माणूस गेलं की बाया हेल काढून रडतात. मेलेल्याचं सगळं आयुष्य त्या रडण्यात सांगतात. सोनीबाईसारखं रडणारी त्या भागात दुसरी नाही.

ती अंगणात तांदूळ पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "मयत कुठी हाय?"

"मयत नाही, बाई. फक्त ते गाणं..."

"मयत नाई तं कोणाले रडू?"

कुलदीपचं तोंड उतरलं. मला त्या बाईच्या नखऱ्याचा राग आला.

मीच म्हणालो, "झोप रे तूच चटईवर. बाईले मयतच पायजे ना!"

तो हसत हसत आडवा झाला. मी त्याच्या अंगावर माझा दुपट्टा टाकला.

सोनीबाई बराच वेळ बघत राहिली...

मग तिने हेल काढला.

"कुलदीप रे माह्या राजा... चार वर्साच्या पोरीले कोणाच्या भरोशावर टाकलं रे..."

त्यात त्याच्या बापाचं नाव होतं. लहानपणी मोडलेला हात होता.

हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं.

हेल संपला. तिने पुन्हा सूप उचललं. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गाडीत त्याने रेकॉर्डिंग लावलं. कोंबड्यांचा आवाज... सुपाची सळसळ... माझाच आवाज, "झोप रे तूच..."

हेल नव्हता.

त्याचं हसणंही नव्हतं.

"मशीन भंगार हाय तुह्यं," मी म्हणालो.

आष्टीला दोन चहा सांगितले. टपरीवालीने एकच ठेवला.

"दुसरा कोणासाठी, भाऊ?"

"डोळे फुटले काय? हा काय बसला!"

तिने बाकाकडे पाहिलं... मग माझ्याकडे.

मी तशीच गाडी फिरवली. कुलदीप एकच म्हणत होता, "भाऊ, मला घरी जायचंय."

सोनीबाईपुढे मी हात जोडले. मी कोणापुढे हात जोडत नाही.

"बाई, हेल परत घे."

"रडलं ते रडलं. जित्या माणसाले चटईवर झोपवलं कोणं?"

मी गाडीकडे वळलो.

दुसऱ्या सकाळी नागपूरला त्याच्या दारात उभे राहिलो. बायकोने दार उघडलं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता.

ती मला म्हणाली, "कुलदीप कुठे आहे?"

मुलगी धावत आली. त्याच्या बाजूने निघून गेली, जिन्यात वाकून पाहिलं, परत आली.

पोलिसांनी मला चार वेळा बोलावलं. चारही वेळा तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. साहेब मला वेडा समजतात. खुशाल समजोत.

आता तो माझ्याकडेच राहतो. माझी बायको मीराबाई विचारते, कोणाशी बोलता? तिलाही अक्कल नाही.

पण गेल्या आठवड्यापासून... त्याच्या बोलण्यातले मधले मधले शब्द मला ऐकू येत नाहीत. ओठ हलतात. आवाज नाही.

वय झालं. कान गेले असतील.

मीराबाई स्वयंपाकघरात कुजबुजते, ते मात्र सगळं ऐकू येतं.