नाडीपट्टा

वाळूचं पोतं गाडीत बसलं होतं. तळेगावच्या माळावरच्या वाहनसुरक्षा प्रयोगशाळेत, चकचकीत नव्या गाडीत, पुढच्या सीटवर ते पोट सोडून ऐसपैस बसलं होतं. पोटावरून पट्टा आवळलेला होता. मुंबईहून आलेले चार सरकारी पाहुणे चहाचे कप हातात धरून त्याच्याकडे आदरानं बघत होते.

"आता बघा हं," डॉ. केतकी बिडकर म्हणाली आणि तिनं बाहेरून दार ओढलं. दार निमूट उघडलं. "सीटवर वजन आहे, पट्टा लावलेला आहे, तरी गाडी फसली नाही. पट्ट्याला नाडी लागली नाही. नाडी नाही म्हणजे माणूस नाही. माणूस नाही तर राखायचं कुणाला? म्हणून कुलूप सुटलं."

पाहुणे मनापासून हसले. हसण्याचं कारण त्यांच्या स्वतःच्याच गाड्यांत होतं. पट्टा न लावता गाडी सुरू केली की ती टिंगटिंग करून डोकं उठवते, म्हणून आपल्याकडे लोक बाजारातून पट्ट्याची नुसती क्लिप आणतात आणि खाचेत खुपसून मोकळे होतात. काही सज्जन पट्टा सीटच्या मागून लावतात आणि त्यावर टेकून बसतात. जीव वाचवायला केलेल्या वस्तूला गप्प बसवण्यात आपण जेवढी बुद्धी खर्च करतो, तेवढी ती बनवतानाही खर्च झालेली नसते. केतकीच्या थोरल्या भावाच्या गाडीत अशीच एक क्लिप होती, वर गणपती कोरलेली. खंबाटकीच्या उतारावर भाऊ पुढच्या काचेतून बाहेर फेकला गेला. क्लिप जागच्या जागी होती. पोलिसांनी ती केतकीच्या हातात ठेवली, त्या दिवसापासून 'जुगाड' या शब्दाचं कुणी कौतुक केलं की तिचं टाळकं सरकायचं.

"पण बाई, बाहेर धोका असला की गाडी माणसाला उतरू देत नाही म्हणता, तो धोका तिला कळतो कसा?" एका पाहुण्यानं विचारलं.

केतकीनं इरफान मुजावरकडे बघितलं. इरफान गणिती होता, मूळचा मिरजेचा. गाडीला अक्कल शिकवण्याचं काम त्याचं होतं.

"साहेब, आम्ही गाडीला धोक्यांची यादी पाठ करायला लावलेली नाही," तो म्हणाला. "यादी कुठवर करणार? पूर, दरड, उलट्या बाजूनं येणारा ट्रक, उघडं गटार. आम्ही तिला एकच प्रश्न शिकवलाय. जो माणूस इथं उतरला, तो परत येऊन पट्ट्यात बसला का? प्रत्येकाची नाडी वेगळी असते, त्यामुळे कोण आला आणि कोण नाही, हे पट्ट्याला बरोबर समजतं. माणूस परत आला तर जागा चांगली. कुठल्याच गाडीत, कधीच परत बसला नाही, तर जागा वाईट. राज्यातल्या सगळ्या गाड्या हा अनुभव एकमेकींना सांगतात. आम्ही याला परतीची कसोटी म्हणतो."

"आणि नुसती जागा नाही," केतकी म्हणाली. "नाडीवरून माणसाची अवस्थाही कळते. दारू प्यालेला माणूस हायवेवर उतरतो म्हणाला, तर तशा नाडीच्या माणसांचं पूर्वी काय झालं ते गाडी बघते. उतरण्यापेक्षा आत बसणं बरं असं दिसलं, की राखणकुलूप लागतं. पट्टाही सुटत नाही. आणि एकासाठी लागलं की चारही दारं लागतात. नाहीतर आई इकडून अडते आणि पोर तिकडून सुटतं."

"आतून उघडायची काही सोय?"

"कडी होती. चाचणीच्या वेळी लोकांनी ती सुतळीनं कायमची ओढून बांधली. एकानं तर तिला लिंबू-मिरची अडकवली होती. काढून टाकली."

"मग निदान तुमच्या ऑफिसातून?"

"तशी चावी आम्ही ठेवली, तर महिन्याभरात ती मंडईमागच्या गल्लीत विकायला येईल." केतकी हसली. "साहेब, पळवाट ठेवली की आपले लोक तिचा हमरस्ता करतात."

पाहुण्यांना हे वाक्य फार आवडलं. पुढे त्यांच्या भाषणांतही ते आलं.

नाडीपट्टा सक्तीचा झाला आणि खरोखरच माणसं वाचू लागली. ताम्हिणीत धुक्यात गाडी थांबवून फोटो काढायला उतरू बघणाऱ्या एका कुटुंबाला गाडीनं उतरू दिलं नाही. त्यांनी गाडीला शिव्या घातल्या, आणि त्या चालू असतानाच समोर दरड कोसळली. त्या बाईंनी केतकीला फोन केला आणि नुसत्या रडत राहिल्या. केतकीही रडली. भावाच्या फोटोपुढे तिनं त्या दिवशी पेढा ठेवला.

मग किल्लीही गेली. नाडीच किल्ली झाल्यावर लोखंडाचा तुकडा कशाला खिशात वागवायचा? पण इथं मात्र लोक अडून बसले. गाडी घ्यायची आणि ताटात ठेवायला किल्ली नाही, हळदकुंकू कशाला लावायचं? शोरूमवाले हुशार. त्यांनी पूजेची किल्ली काढली. पितळेची, चांगली वजनदार, लाल गोंड्याची. ती कशातच जात नसे.

केतकीच्या घरी गाडी आली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, संदेशनं, ती किल्ली दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली. संदेश शाळेत चित्रकला शिकवायचा आणि बायकोच्या शास्त्राची प्रेमानं टिंगल करायचा. "केतू, ही बघ, हिला काही कळत नाही, म्हणून ही मला आवडते," असं म्हणून तो ती खिशात घेऊन हिंडायचा.

एका रविवारी दुपारी बाल्कनीच्या गजांना रंग देता देता संदेश स्टुलावरून उतरला आणि भिंतीला धरून खाली बसला. ब्रश हातातच होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

"काही नाही गं, ॲसिडिटी असेल," तो म्हणाला. असंच म्हणतात सगळे.

केतकीनं वेळ घालवला नाही. हॉस्पिटल दोन चौकांवर होतं. रुग्णवाहिकेची वाट बघण्यापेक्षा स्वतःची गाडी बरी. तिनं त्याला पुढच्या सीटवर बसवलं, दोघांचे पट्टे लावले, वाटेतून हॉस्पिटलला फोन केला. गाडी स्वतःच चालत होती आणि सुरेख चालत होती. खड्डे चुकवत, वळणावर हळू होत. या गाडीचा केतकीला तेव्हा अभिमान वाटला, तो शेवटचा.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये स्ट्रेचर तयार होतं. एक तरुण डॉक्टरीणबाई, दोन वॉर्डबॉय. गाडी त्यांच्या पुढ्यात अलगद थांबली आणि पट्टे किंचित आवळले गेले.

दार उघडलं नाही.

केतकीनं पुन्हा कळ दाबली. डॉक्टरीणबाईंनी बाहेरून दार ओढलं, मग काचेवर टकटक केलं. "मॅडम, लॉक काढा!"

"लॉक... मी नाही लावलं!" केतकी आतून ओरडली. आपण काय बोललो हे तिच्या कानांनी ऐकलं. तिनं लावलं नव्हतं, म्हणजे राखणकुलूप लागलं होतं.

तिनं इरफानला फोन लावला. रविवार असूनही तो माळावरच होता.

"इरफान, मी हॉस्पिटलच्या दारात आहे. संदेशला अटॅक आलाय. कुलूप लागलंय. बघ काय बिघडलंय ते!"

पलीकडे बोटं चालल्याचा आवाज आला. मग इरफान अगदी हळू बोलला. "मॅडम, बिघडलेलं काही नाही."

"म्हणजे?"

"आपली कसोटी. या पोर्चमध्ये उतरलेली कितीतरी माणसं परत पट्ट्यात बसली नाहीत. सगळ्याच हॉस्पिटलांचं तसं. गाडीला वाटतंय, ही राज्यातली सगळ्यात वाईट जागा आहे. घाटापेक्षा वाईट." तो थांबला. "इथं दारं उशिरा उघडतात हे आधीही दिसलं होतं, मॅडम. आपण ते वाचवलेल्या जिवांत धरत होतो."

माणसं इथं मरायला येत नाहीत, मरणाच्या वाटेवर असतात म्हणून येतात, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. गाडीला ते कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं राहिलं होतं.

बाहेर वॉर्डबॉयनं अग्निशामक नळकांडं आणून काचेवर घातलं. काचेला ओरखडा उठला. ही काच कुणी फोडू नये म्हणून केतकीच्याच शेजारच्या विभागानं दोन वर्षं खपून केली होती. "गॅरेजवाल्याला बोलवा, कटर आणा!" कुणीतरी पळालं.

"मॅडम, ऐका माझं," इरफान घाईनं म्हणाला. "गाडी तिथून काढा. जिथं उतरलेली माणसं हमखास परत येतात अशा जागी न्या. समोर काय आहे?"

केतकीनं बघितलं. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. पेशंटांचे नातेवाईक तिथं चहा प्यायचे आणि परत गाडीत बसायचे. आयुष्यभर शास्त्र शिकून नवऱ्याचा जीव वाचवायला तिला चहाच्या टपरीचा आसरा घ्यावा लागत होता. तिनं काचेतून डॉक्टरीणबाईंना खूण केली, ओरडून सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण गाडी हलली तशी त्या स्ट्रेचरसकट मागे धावल्या. दोन्हीकडची वाहनं करकचून थांबली. टपरीवरच्या मावशींनी बाकडी ओढून जागा केली.

गाडी थांबली. केतकीनं कळ दाबली.

दार उघडलं नाही.

"इरफान! जागा बदलली, तरी नाही!"

"बघतोय." पुन्हा बोटं चालल्याचा आवाज आला. "जागेला गाडीची हरकत नाही आता. मॅडम... सरांची नाडी. अशा नाडीची माणसं जिथं जिथं उतरली, घरी, रस्त्यावर, कुठंही... परत आलेली फार थोडी आहेत. ती त्यांना आता कुठंच उतरू देणार नाही."

केतकीनं ओढणी काढली आणि घडी घालून संदेशच्या छाती आणि पट्ट्यामध्ये कोंबली. नाडी पट्ट्यापर्यंत पोचायला नको, एवढंच तिला करायचं होतं. क्लिप खुपसणाऱ्या माणसांनी करावं तसं ती करत होती. आयुष्यातला पहिला जुगाड. पट्टा आणखी आवळला गेला. सीटच्या पाठीतूनही नाडी घ्यावी, म्हणजे असले प्रकार चालणार नाहीत, ही सूचना तिचीच होती. बैठकीत टाळ्या पडल्या होत्या.

"केतू," संदेश म्हणाला. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. खिशातून त्यानं पितळेची किल्ली काढली होती आणि तो ती दाराच्या कडेनं फिरवत होता. "तुझ्या गाडीला भोकच नाही गं कुठं."

"बोलू नकोस. येतोय कटर. आलाच."

"चिडू नकोस तिच्यावर," तो म्हणाला. "तिला वाटतंय, जपतेय मला."

केतकीला हुंदका फुटला. तिनं त्याचा हात धरला. किल्ली दोघांच्या तळव्यांमध्ये होती. पट्ट्यामुळे तिला त्याच्याकडे पुरतं वळताही येत नव्हतं. डॉक्टरीणबाई काचेला तोंड लावून विचारत होत्या, श्वास चालू आहे का? त्यांच्या हातात इंजेक्शन तयार होतं. मध्ये फक्त काच होती.

"इरफान," केतकी म्हणाली, "मग उघडणार कधी?"

उत्तर इरफानला माहीत होतं, आणि तिलाही होतं. चहाचे कप धरून उभ्या असलेल्या पाहुण्यांपुढे तिनं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि सगळे हसले होते.

म्हणून ती कळ दाबायची थांबली. दारं बंद राहू देत, एवढंच ती आता मनात म्हणत होती. कटर येईपर्यंत बंद राहू देत. त्याच्या हातावरची पकड तिनं घट्ट केली आणि आतल्या छतावरच्या राखणकुलपाच्या लाल दिव्याकडे बघत राहिली. दिवा लाल आहे तोवर गाडी त्याला माणूस समजते आहे.

लांबून कटरवाल्याची मोटारसायकल येताना दिसली. मागे बसलेला माणूस यंत्र उंच धरून ओरडत होता, "सरका, सरका!" लोक बाजूला झाले. केतकीनं मान उंचावून बघितलं. मोटारसायकल चौक ओलांडत होती.

हातातला हात जड झाला.

छतावरचा दिवा हिरवा झाला. खट् असा छोटा, स्वच्छ आवाज आला. दोन्ही पट्टे सैल पडले आणि चारही दारं एकदम उघडली.

"उघडलं! उघडलं!" टपरीवरचे लोक टाळ्या वाजवू लागले. मावशींनी हात जोडले. कुणीतरी गणपतीचा जयजयकार केला. डॉक्टरीणबाई आत झेपावल्या, वॉर्डबॉयनं संदेशच्या काखेत हात घातले. एवढ्या माणसांत एकटी केतकी तेवढी तशीच बसून राहिली. तिनं शेजारी बघितलं नाही.