दिवा दोनदा का मिचकावतो

"कडी ओढू नका, हातात येते," आतून कोणीतरी म्हणालं, आणि कडी तिच्या हातात आलीच.

आता घ्या! जन्मात पहिल्यांदा परदेशात पाऊल टाकलेलं. परदेश म्हणजे तरी काय, समुद्राची एक पट्टी ओलांडली की पलीकडचं बेट, पलीकडचा देश. आणि पहिल्याच घराची कडी मोडली. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जो बाहेर आला, तो रागावला नाही. हसला... आधी डोळ्यांनी, मग ओठांनी.

"वायरमनच्या घराची कडी मोडकी?" तिने विचारलं. घरमालकीणकाकूंनी भाडेकरूचा धंदा तिला सांगून ठेवला होता.

"दिव्याखाली अंधार," तो म्हणाला.

गंमत बघा. हा वायरमन आपलं शांत बेट सोडून तिच्या गजबजलेल्या बेटावर कामाला निघालेला. आणि ती, धक्क्यावरचा बर्फाचा कारखाना चालवणारी, गावाची बर्फवाली, आपलं बेट सोडून इथे राहायला येणारी. त्याचीच खोली बघायला आली होती. तिने हो म्हटलं की तो संध्याकाळच्या बोटीने जाणार. नाही म्हटलं तर नवा भाडेकरू मिळेपर्यंत अडकणार.

"पाणी?" तिने चौकशी सुरू केली.

"दिवसभर."

"वीज?"

"जात नाही. गेली तर मीच आणतो."

"दवाखाना?"

"फुकट. रांगच नाही, डॉक्टर बिचारा जांभया देत बसतो."

"आणि शेजारी?"

"आहेत म्हणतात..." तो म्हणाला. "आता तुमचं सांगा."

"पाणी एक दिवसाआड. वीज लहरी. दवाखान्यात रांगेत चप्पल ठेवून घरी जायचं, पोळ्या लाटून परत यायचं."

"मग माणसं तिथे राहतात कशाला?"

"पगार बरे आहेत. शिवाय दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळतं ना!"

ती हसली खरी, पण तेच तर तिला नकोसं झालं होतं. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि तेव्हापासून दूधवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न... काय झालं गं? उत्तर देऊन देऊन तोंड दुखलं. जिथे कोणी काही विचारत नाही, अशा जागी तिला राहायचं होतं.

तो कडी बसवत होता. काहीतरी बोलायचं म्हणून, सवयीने, तिने विचारलं, "जेवलात का?"

त्याचा हात थांबला.

"काय झालं? चुकलं का काही?"

"नाही हो. आई गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं." तो खिडकीशी गेला. "तुम्ही... राहायला हेच बेट कसं निवडलंत?"

"आमच्या कारखान्याच्या छपरावरून तुमचा निळा डोंगर दिसतो. लहानपणापासून बघतेय."

"तो? खडीची खाण आहे ती. दुरून डोंगर साजरे!" मग तो जरा घुटमळला. "माझंही तसंच आहे. तुमच्या धक्क्यावर एक पिवळा दिवा आहे. तिन्हीसांजेला लागतो, आणि लागताना दोनदा मिचकावतो. का मिचकावतो, हेच बघायचं होतं..."

तिचे कान तापले. "बटण सैल आहे. मीच लावते तो."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला डोळा मारताय?"

"बटण मारतंय. मी नाही."

दोघंही हसली. तिच्या मनात आलं, मी इथे आले की हा तिथे. मग दिवा लावणार कोण, आणि बघणार कोण?

"मी माझं बेट का सोडतेय, ते तुम्ही नाही विचारलंत," ती म्हणाली.

"सांगावंसं वाटलं तर सांगाल."

एवढंच ऐकायला ती समुद्र ओलांडून आली होती. आणि तेच आता सामान बांधून निघालं होतं.

घरमालकीणकाकू दारात आल्या. "काय मग, पसंत आहे का खोली?"

"खोली छान आहे, काकू. पण नको."

"अगं, खोट काय तिच्यात?"

"खोट नाही. पण मला जे आवडलं, ते तुम्ही भाड्याने देत नाही."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "मला बाई हल्ली ऐकूच कमी येतं. आणि नवा भाडेकरू काय, मीच शोधीन," म्हणत त्या आत गेल्या.

"मग मी..." तो अडखळला. "मी थांबू, की जाऊ?"

"दिवा लावायला मला या बोटीने जायलाच हवं," ती म्हणाली. "तूही चल." अहो-जाहो कधी सुटलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

बोटीवर नावाडीकाकांनी लगेच विचारलं, "कोण गं हे?"

वर्षभर असल्या प्रश्नांनी तिच्या कपाळावर आठ्या पडायच्या. आज तिला छान वाटलं. "आपल्या गावात राहायला येतोय, काका."

"कोणाकडे?"

"ते हिला विचारा, काका," वायरमन म्हणाला. "मी तयार आहे."

ती समुद्राकडे बघत राहिली, पण हसू काही लपेना. बातमी त्यांच्याआधी धक्क्याला लागणार, हे तिला ठाऊक होतं. लागू दे, तिने ठरवलं.

तिन्हीसांजेला कारखान्याच्या छपरावर त्याने दिव्याचं बटण चाचपून पाहिलं. "दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला, आणि खिशातून काढलेला स्क्रू-ड्रायव्हर परत खिशात ठेवला. "पण राहू दे असंच. पलीकडे अजून कोणी एकटं बसलं असेल."

तिने बटण दाबलं. दिवा दोनदा मिचकावला... आणि तिसऱ्यांदा डोळा मारला, तो तिनेच.