सात नंबरचं मशीन

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण यात एक अक्षर पदरचं घातलेलं नाही, आणि यात जे चुकलं ते माझं चुकलं, हे आधीच सांगते.

फेब्रुवारी १९९९. गुरुवार. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले.

रात्र नव्हती. भर दुपार होती. दीड वाजला होता.

ठिकाण पेण. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

मी तिथल्या कंप्युटर लॅबमध्ये अटेंडंट होते. हंगामी. मशीनवरची कव्हरं काढायची, धूळ पुसायची, मुलांना चपला दाराबाहेर काढायला लावायच्या. त्या काळी कंप्युटरचं सोवळं देवघरापेक्षा कडक होतं.

दहा मशीन. सगळी वायरने एकमेकांना जोडलेली. प्रत्येक मुलाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, ते शरद सरांच्या केबिनमधल्या मोठ्या मशीनमध्ये आपोआप लिहिलं जायचं. तीच प्रॅक्टिकलची हजेरी.

गेमला सक्त बंदी होती.

त्यामुळे मुलं गेम खेळायची, हे वेगळं सांगायला नको.

फ्लॉपीवरून आणलेला टँकचा खेळ होता. चौघं चार मशीनवर बसून एकाच मैदानात लढायचे. सर एक ते दोन घरी जेवायला जात. तेवढा वेळ मी दाराशी डबा उघडून पहारा द्यायची. बदल्यात मुलं मला रोज एक नवीन गोष्ट शिकवत. कुठल्या क्लासला जाण्याइतका पगार नव्हता. जे येतं ते त्या पोरांनी दिलेलं.

त्यात हरेश सगळ्यात पटाईत. कासू स्टेशनच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावचा. बसायची जागा ठरलेली, आतल्या बाजूला, प्लायवूडच्या पार्टिशनमागे. सात नंबर.

त्याची पॅसेंजर कधी वेळेवर यायची नाही. दहाच्या प्रॅक्टिकलला हा पावणेअकराला पोचायचा. हजेरी कमी भरली, परीक्षेला बसू देणार नाहीत असं सर म्हणाले, तेव्हा रडवेला झाला होता.

मग मी एक सोय काढली.

दहाच्या ठोक्याला सात नंबरवर त्याचं नाव आणि पासवर्ड मीच टाकायची. हरेश हजर.

"पद्मजाताई, तुम्ही आईच्या वर आहात."

"तुझ्या आईला सांगते, थांब."

त्या गुरुवारीही मी टाकलं. दहा वाजून दोन मिनिटांनी.

पावणेअकरा झाले.

अकरा झाले...

हरेश आला नाही. गाडी येऊन गेली होती. मारली दांडी मेल्याने, असं मनात म्हणाले. मशीन तसंच चालू ठेवलं. मध्येच बंद केलं असतं तर हजेरी बुडाली असती ना त्याची.

एक वाजता सर गेले. विशाल आणि नम्रता आले. चपला काढल्या, दोन आणि तीन नंबरवर बसले. मी दाराशी डबा उघडला.

दीडच्या सुमाराला विशाल ओरडला, "आयला, हऱ्या आला!"

"कुठं आलाय? मी दारात बसलेय," मी म्हणाले.

"आलाय ना ताई. हा बघा हिरवा टँक. त्याचंच नाव आहे."

मला वाटलं, मी पाणी भरायला गेले तेव्हा सटकला असेल आत.

"हऱ्या, गप का? मार की!" विशाल पार्टिशनकडे बघून ओरडला.



पार्टिशनमागून नुसता आवाज...

टक... टक... टक...

एकच बटण. परत परत.

"असं काय करतोय हा?" नम्रता म्हणाली. "नदीकडे तोंड करून उभाय. पुढे जाता येत नाही तिथून. निळ्यात टँक जातो का कधी? हरेश, मागे फिर ना!"

"मी तर उडवतो त्याला," म्हणून विशालने गोळा टाकला. मग दुसरा. मग तिसरा.

"मरत नाय हो ताई हा."

मी सहज दाराबाहेर बघितलं. चपला दोनच जोड होत्या. एक विशालची, एक नम्रताची. हा पठ्ठ्या चपला घालूनच आत गेलेला दिसतोय, असं म्हणत मी उठले. त्याला झापायलाच निघाले होते.

पार्टिशनच्या मागे गेले.

खुर्ची रिकामी होती.

आत सरकवलेली. सकाळी मी सरकवली होती तशीच.

पडद्यावर खेळ चालू होता. मी सकाळी नाव टाकलं होतं, खेळ उघडला नव्हता. हिरवा टँक निळ्या पट्ट्याच्या काठाला धडकत होता. धडकायचा... थांबायचा... धडकायचा.

कीबोर्डवर कुणाचा हात नव्हता. आवाज येत होता.

टक... टक...

मी ओरडले नाही. खरं सांगते, भीतीसुद्धा वाटली नाही. नुसती बघत उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही.

मग आवाज थांबला.

पडदा काळा झाला, आणि नाव-पासवर्ड विचारणारी रिकामी ओळ आली. कुणीतरी रीतसर बाहेर पडल्यावर येते तशी.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर सरांच्या स्कूटरचा आवाज आला. मुलं पळाली.

मी डब्याला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेशची आई आली. ठमाबाई. बरोबर त्याचे काका, काळुराम. पोरगा रात्री घरी आला नव्हता.

सरांनी कागद छापून दाखवला. "हे बघा. काल दहा वाजून दोन मिनिटांनी आत, दोन वाजून दहा मिनिटांनी बाहेर. मशीन खोटं बोलत नाही."

"म्हंजे पेणपतूर आला व्हता," काळुराम म्हणाले. "हितूनच गेला कुठंतरी. पनवेलला बघतो. येक मानूस रोह्याला धाडतो."

ठमाबाईने तो कागद घेतला. वाचता येत नव्हतं तिला. चार घड्या करून कनवटीला खोचला. तेवढ्यानेच तिच्या जिवाला जरा बरं वाटलेलं दिसलं.

"लई उपकार झालं गो बाय," ती मला म्हणाली.

मी तिथेच उभी होते. तोंड उघडायचं होतं. मार्चमध्ये मला कायम करणार होते.

मी तोंड उघडलं नाही.

तो दिवस गेला. रात्र गेली. माणसं पनवेलच्या फलाटांवर त्याला शोधत होती. खाडीकडे कुणी बघितलं नव्हतं. का बघावं? पोरगा तर दुपारी दोनपर्यंत पेणमध्ये होता. कागदावर होतं.

शनिवारी पहाटेची एसटी पकडून मी हरेशच्या गावी गेले. ठमाबाई दारातच होती. तिला सगळं सांगितलं. दहाची हजेरी मी लावली, रोजच लावायची. हरेश त्या दिवशी आलाच नव्हता.

ती उठली आणि काळुरामना हाक मारली.

"भावजी, पनवेल नको. व्हाळात बघा."

लवकर स्टेशन गाठायचं म्हणून तो कधीकधी ओहोटीला व्हाळातून, म्हणजे खाडीच्या फाट्यातून, आडवा जायचा. तिथला चिखल रोज जागा बदलतो. रोजच्या वाटेलाही भरवसा नाही. सकाळी ओहोटीला तो शिरला. मांडीपर्यंत रुतला.

सापडला तेव्हा तसाच उभा होता.

सकाळी नाही गेला तो. दुपारी भरती आली, तेव्हा गेला. दीड-दोनच्या सुमाराला, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर मला काही विचारायचं नव्हतं.

सरांना मी हजेरीचं सांगितलं. ते म्हणाले, हे बाहेर बोलू नका. कागद आहे तसाच राहिला. नोकरी मीच सोडली. आता रोह्याला असते. घरी कंप्युटर आहे, मुलीचा आहे. मी पुसते फक्त.

तेराव्याला मी पुन्हा गेले होते. तेव्हा ठमाबाईला बाकीचंही सांगितलं. टँक, निळी नदी, ते बटण. वाटलं होतं, हाकलून देईल. शिव्या देईल. तेवढीच सुटले असते.

तिने सगळं ऐकलं.

"व्हाळ हितून हाकंवर हाय," ती म्हणाली. "त्या दुपारी मी हितंच बसलेली. भात निवडीत. समदं आयकू येतं हितं. कोंबडी वराडली तरी कलतं."

तिने दाराबाहेर व्हाळाकडे बोट केलं.

"तो तुज्याकडं आला. माज्याकडं का नाय आला गो?"



ठमाबाई अजून आहे. मी पेणला बाजाराला गेले की कधीतरी समोर येते. थकलीय. मला ओळखते. ख्यालीखुशाली विचारत नाही. ती फक्त तेवढंच विचारते, तेच, त्याच आवाजात.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेते, आणि उभी राहते.