फाटकाजवळचा चाफा

सुआर्ता त्या नर्सरीत पहिल्यांदा शिरला तो पावसापासून आडोसा शोधत, आणि बाहेर पडला तो बहाव्याचं रोप पोटाशी धरून. बाली सोडून तो जावातल्या मलांगला नाच शिकवायला आला होता; डोंगरउतारावर नुकतंच घर बांधलं होतं. मग काय, दर रविवारी स्वारी हजर! कधी रंगासाठी तामण, कधी वासासाठी सोनचाफा. नर्सरीवाली वेनिंग एक झाड दाखवायची, तो दहा शंका काढायचा... आणि उत्तर ऐकताना झाड सोडून तिच्याकडेच बघत राहायचा. तिलाही ते कळत होतं, आवडत होतं.

"आता अंगणात पाय ठेवायला तरी जागा उरलीय का?" तिनं एकदा छेडलं.

"फाटकाजवळ आहे ना. तिथे पांढरा चाफा हवाय."

वेनिंगच्या आईच्या हातातली झारी तशीच राहिली. जावात ते झाड कबरस्तानात लावतात, दारात नव्हे. आमच्याकडे बालीत ते घरोघरी असतं, त्याची फुलं आधी देवाला, मग कानामागे, असं तो सांगू लागला. पण वेनिंगला हसू आवरेना.

"असलं झाड दारात लावलंत, तर त्या घरात नवरी कोण येणार?"

"तेच... तुम्हाला विचारायला आलो होतो," तो म्हणाला आणि रिकाम्या हातानं निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वेनिंगचा जीव कशात लागेना. आपल्याच जिभेला हाड नाही, म्हणून ती स्वतःवर चिडली.

नेहमीसारखी ती बाबांच्या कबरीवर फुलं वाहायला गेली. वरच्या चाफ्यानं आधीच सडा घातला होता. लहानपणापासून याच वासात ती बाबांशी गप्पा मारत आली होती. याला कसलं भ्यायचं? त्या दिवशी ती त्यांच्याशी बराच वेळ बोलली.

रविवारी ती सुआर्ताच्या फाटकाशी उभी राहिली. हातात लावण्यासाठी चीक सुकवलेली चाफ्याची फांदी, कानामागे पांढरं फूल.

"हे... कुठून आणलंत?"

"आमच्याकडे हे एकाच ठिकाणी मिळतं. बाबांना विचारून आणलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ऊन येईल तिथे लावा. पाणी बेतानं घाला. आणि... पोरगी हो म्हणतेय, तर तिला फाटकाबाहेर उभं ठेवू नका."